मंत्रीसाहेब, कन्सेंट टर्म्स सहीच्या आधी दाखवा

माननीय नगरविकास मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

महापालिका आणि बिल्डर वर्षानुवर्षं कोर्टात भांडतात आणि मग एक दिवस अचानक भांडण मिटतं, ते कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांनी मिळून कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या अटींवर, नक्की कसं मिटतं यावर हे पत्र आहे. मी वकील नाही, पण असल्या केसचे कागद वाचायची खोड लागलीय आणि वाचून डोकं फिरतं.

बऱ्याचदा सुरुवात आरक्षणापासून होते. डीपीमध्ये (शहराच्या विकास आराखड्यात) जागेवर मैदान दाखवलेलं असतं, दहा वर्षं पालिका ती जागा घेतच नाही, मग मालक (आणि त्याच्यामागे उभा असलेला बिल्डर) एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना) कायदा १९६६ च्या कलम १२७ खाली नोटीस देतो, जागा घ्या नाहीतर आरक्षण रद्द. आधी अशा नोटिशीनंतर जागा घ्यायला किंवा तशी पावलं उचलायला पालिकेला सहा महिने मिळायचे, मग बारा झाले, २०१५ मध्ये चोवीस केले, म्हणजे मुदत चौपट झाली तरी फाइल टेबलावरच. शेवटी शेवटी एखादा ठराव, दोन पत्रं, आणि म्हणायचं आम्ही पावलं उचलली! गिरनार ट्रेडर्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००७ लाच सांगून टाकलंय की नुसत्या पत्रापत्रीला पावलं म्हणत नाहीत, खरोखर भूसंपादनाकडे नेणारं काहीतरी केलेलं पाहिजे. मुदत चुकते की चुकवली जाते, हे तुम्हीच शोधा.

तर अशा वेळी पालिका आधीच लंगडी असते आणि बिल्डरलाही घाई असते, डोक्यावर कर्जाचं व्याज चढत असतं. मग अर्धी जागा मैदानाला, अर्धीवर बिल्डिंग, वर थोडा एफएसआय (जागेवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) नाहीतर टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क), झालं. खरं सांगतो, असा समेट मुळात वाईट नाही. वीस वर्षं केस लढून सगळीच जागा हातची जाण्यापेक्षा अर्धं मैदान मिळालेलं मलाही चालेल.

पण साहेब, डीपीत किरकोळ फेरबदल करायचा तरी त्याच कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे नोटीस काढून लोकांकडून महिनाभर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. आणि कोर्टात? तिथे दोनच पक्ष, दोघंही हो म्हणतात, मग नाही म्हणायला उरतं कोण? ज्यांची पोरं त्या मैदानावर खेळणार होती ते केसमध्ये पार्टीच नसतात. दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २३ रूल ३ खाली तडजोड कायदेशीर आहे ना याची खात्री कोर्टाने करायची असते, पण कोर्टापुढे जे ठेवलं जाईल तेच कोर्ट बघणार, आणि एकदा त्यावर डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) झाली की ती तडजोड बेकायदा होती म्हणून वेगळा दावा लावायचा रस्ता रूल ३ए ने बंद केलाय. हायकोर्टात तर ‘मिनिट्स ऑफ ऑर्डर’ म्हणजे वकिलांनीच लिहून आणलेला ऑर्डरचा मसुदा देण्याची पद्धत आहे, त्यावर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं की तशी ऑर्डर देण्याआधी हायकोर्टाने बाकी ज्यांच्यावर परिणाम होणार ते लोक केसमध्ये आहेत की नाही ते बघावं. हे कोर्टाला सांगावं लागतं, म्हणजे पालिकेच्या वकिलाने आधी काय केलं असेल?

म्हणून मागणी साधी आहे. जागा, रस्ता, आरक्षण किंवा एफएसआय यातलं काहीही बदलणारी तडजोड असेल तर तिचा मसुदा कोर्टात द्यायच्या आधी तीस दिवस पालिकेच्या वेबसाइटवर टाका, मराठीत, नकाशासकट. पालिका काय सोडतेय आणि काय मिळवतेय ते दोन्ही चौरस मीटरमध्ये लिहा, नाहीतर एका बाजूला जागा आणि दुसऱ्या बाजूला ‘सुशोभीकरण’ असला हिशोब कोणालाच लागत नाही. आणि पालिकेला मिळायची जागा ताब्यात आल्याशिवाय बिल्डिंगला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) देऊ नका, हे टर्म्समध्येच घाला, नंतर वेगळं हमीपत्र वगैरे नको, हमीपत्रं फायलीत पडून राहतात आणि लोक राहायला येऊन जातात.

याला नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. पालिकांना निर्देश द्यायचा अधिकार एमआरटीपीच्याच कलम १५४ खाली सरकारकडे आहेच, तो वापरायला काय अडचण आहे तेवढं कळवा.

आपला,
कागद वाचत बसणारा एक नागरिक