मैत्रिणींची येळवस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, शाळेतल्या पोरांना भेटून बोलायचं तरी काय? एक मोंढ्यात, एक शेतात, मी इथं हिंजवडीत." तुला मीटिंग होती, विषय तिथंच राहिला. मला मात्र त्यावर बोलायचं होतं, म्हणून निवांत लिहायला बसले.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही वर्गमैत्रिणी औशाकडच्या मावशीच्या शेतात जमलो होतो. कडब्याच्या कोपीतल्या पांडवांची पूजा, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, हे तुला काही नवं नाही. जेवणं झाली की एरवी कुणाची सून, कुणाचे गुडघे आणि मग एसटीची घाई. या वेळी वाचनालयातल्या मावशीनं नर्समावशीला विचारलं, "बाई, तुझी नोकरी संपली, पण तू दिवसभर नेमकं काय करायचीस ते आम्हाला कधी कळलंच नाही." त्यानंतर ऊन कलेपर्यंत कुणी उठलं नाही.

ती आरोग्य उपकेंद्रावर होती एवढंच आम्हाला माहीत. तिनं सांगितलं, लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते आणि वीज तर कधीही जायची. मग बर्फाच्या पिशव्या, लसीचा डबा खांद्याला आणि वस्तीपर्यंत पायी. पोलिओच्या कुपीवर एक गोल असतो, त्यात फिकट चौकोन. ऊब लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाच्या रंगाचा झाला की ती कुपी वापरायची नाही. हे सांगताना तिनं चुलीतला कोळसा घेऊन फरशीच्या तुकड्यावर गोल आणि चौकोन काढून दाखवला. म्हणाली, "बाळाच्या तोंडात थेंब टाकायच्या आधी मी दर वेळी हे बघायची. कुणी बघत नव्हतं तरी."

मग किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि दगडमातीच्या भिंती, माळवदं अंगावर आली. ती तेव्हा नोकरीला नवी. दिवसभर धनुर्वाताची इंजेक्शनं देत होती, सिरिंजा पातेल्यात उकळून पुन्हा घेत होती. एवढं बोलून ती थांबली. पुढचं आम्हीही विचारलं नाही. तिच्या लग्नात मी मिरवले, तिच्या पोरांची बारशी जेवले, आणि हे मला त्या दिवशी कळलं.

शेतवाल्या मावशीचंही तसंच. यंदा सप्टेंबरात पाऊस कसा झाला ते तुला माहीत आहे, शेजारच्या रानात सोयाबीन पाण्यात उभं राहून कुजलं. तिचं निम्मं तरी हाती लागलं, कारण तिनं रुंद वरंबा-सरीवर पेरलं होतं. चार ओळींचा वरंबा, दोन्हीकडं सरी. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं, ओढ दिली तर सरीतली ओल टिकते. घरात सगळ्यांनी आधी नको म्हटलं होतं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता खरा, पण भिजलेल्या मालाला तो कोण देतो, असं ती म्हणाली. दाणा दाताखाली फोडून ओल किती ते ती सांगते, आणि मोंढ्यातलं यंत्रही बहुतेक तेवढंच दाखवतं.

मला त्यांनी पहिलीच्या वर्गाबद्दल विचारलं. पोर अक्षरं जोडता जोडता अचानक अख्खा शब्द वाचतं, तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते मी सांगितलं. बरं वाटलं रे.

पुस्तकांचा विषय वाचनालयातल्या मावशीमुळं निघतोच. तिच्याकडं अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांना बसायला जागा पुरत नाही, आणि कादंबऱ्यांच्या कपाटाकडं येतात त्या आमच्या वयाच्या बायका. कसर लागू नये म्हणून ती अजून वेखंडाची पूड करून पुरचुंड्या फळीवर ठेवते. नर्समावशीला आता वेळच वेळ आहे, पण तिचं वाचनात दोन पानांपुढं मन लागत नाही, फोन वाजल्याचा भास होतो. तर वाचनालयातल्या मावशीनं तिला जाड पुस्तक दिलंच नाही. लहान लहान कथांचा संग्रह दिला आणि सांगितलं, एका दुपारी एकच वाच. ज्याला जे पेलेल ते द्यायचं, हे तिचं खरं काम, मला वाटतं. पुस्तकांचं दाखल रजिस्टर कुणीही लिहील.

आणि एक ठरलं. सगळ्यांचा जन्म या भागात गेला, पण खरोशाची लेणी कुणी निवांत पाहिली नाहीत. पाहुणे आले की दाखवायला नेलं, तेवढंच. आता होळीच्या आत आम्ही चौघीच जाणार. सोबत पुरुषमाणूस नको, असं नर्समावशी म्हणाली.

तर बाळा, संक्रांतीला येशील तेव्हा तुझ्या त्या मोंढ्यातल्या मित्राकडं जाऊन अडतीवर तासभर बस. सौदा कसा होतो, बिनपावसाच्या वर्षी दुकान कसं चालवलं, ते विचार. पगार, फ्लॅट हे दोघांनीही काढू नका. तो तुला तुझ्या कामाचं विचारील, तेव्हा "तुला नाही कळायचं" असं म्हणू नकोस. सोपं करून सांग. तो हुशार आहे, दहावीला गणितात तुझ्या पुढं होता.

येताना एक काम कर. अप्पा बळवंत चौकात किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत नरहर कुरुंदकरांचं 'धार आणि काठ' मिळतं का बघ. मराठी कादंबरीवरचं आहे. वाचनालयातली प्रत कुणीतरी नेली ती परत आलीच नाही. मावशीच्या वडिलांनी कुरुंदकरांची भाषणं ऐकलेली, त्यामुळं तिचा त्या पुस्तकावर फार जीव. पैसे ती देते म्हणाली, पण घेऊ नकोस.

येसर आणि शेंगाची चटणी करून ठेवते. थंडी आहे, कानाला बांधून गाडी चालव.

तुझी,
आई