सनावळीच्या वादात राहून गेलेले दहा राग

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावर आलेल्या लेखात चरणजित सिंग यांच्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या अल्बमची दखल घेतली गेली, याचा आनंद आहे. परंतु ‘ॲसिड हाउस शिकागोच्या आधी मुंबईत जन्मले’ एवढे एकच वाक्य लिहून लेखक पुढे गेले आहेत (ॲसिड हाउस हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा शिकागोच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार). समीक्षक असोत वा इंटरनेटवरचे उत्साही श्रोते, या तबकडीविषयी बोलणारे बहुतेक जण याच वाक्यापाशी थांबतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

राहुलदेव बर्मन यांच्यासह अनेक संगीतकारांकडे वादक म्हणून उमेदीची वर्षे घालवलेल्या सिंग यांनी हा अल्बम १९८२ साली रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर केला : तालासाठी टीआर-८०८, खर्जाच्या आवर्तनासाठी टीबी-३०३ आणि रागाच्या सुरावटीसाठी ज्युपिटर-८. एचएमव्हीने काढलेली ही तबकडी फारशी कोणी ऐकली नाही. एडो बाऊमन या डच संग्राहकाला ती २००२ मध्ये दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपातल्या संगीतपत्रकारांनी अक्षरशः डोळे चोळले. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या चमूची ॲसिड हाउसची पहिली मानली जाणारी तबकडी १९८७ची, म्हणजे पाच वर्षांनंतरची. सिंग यांची तबकडी ही अलीकडे कोणीतरी केलेली थट्टा असावी, अशी शंकाही तेव्हा घेतली गेली.

या मंडळींचे ऋण मान्य केलेच पाहिजे. ती नसती तर हा अल्बम रद्दीतच गेला असता. मात्र त्यांनी लावलेली फूटपट्टी मला पटत नाही. टीबी-३०३ हे यंत्र एकट्या वादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून बनवले होते. ते बाजारात साफ पडले, जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागले आणि शिकागोच्या तरुणांनी त्याच्या खुंट्या वाजता वाजता पिळून त्यातून तो चिरका, वळवळणारा आवाज काढला. ॲसिडचा प्राण त्या पिळण्यात आहे. सिंग यांच्याकडे हा खेळ त्या मानाने कमी आहे. त्यांनी यंत्राला साथीदाराचेच काम दिले आणि लक्ष ठेवले ते रागावर. शिकागोच्या वादकांनी ही तबकडी ऐकली होती, याचाही काही पुरावा नाही. तेव्हा जनकत्वाचा दावा करून आपण नेमके काय मिळवतो?

दुसऱ्या बाजूला आपले रागसंगीताचे श्रोते आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी मला सांगितले की यात आलाप नाही, मींड (स्वरांमधली सलग, नाजूक घसरण) नाही, हे हॉटेलच्या लॉबीत वाजवायचे संगीत आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण तो दहाही रागांना सारखा लागू होत नाही. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरलेला असतो. पट्टीच्या ठरीव स्वरांत तो गवसत नाही आणि इथला तोडी खरोखरच कोरडा वाटतो. (याच कारणावरून आकाशवाणीने १९४० पासून तीनेक दशके बाजाच्या पेटीला दार बंद केले होते, हे जाणकारांना आठवेल.) उलट भूपाली, मालकंस, कलावती या औडव रागांची पाच-पाच स्वरांची चौकट यंत्राच्या आवर्तनात चपखल बसते. प्रभाताई अत्रे यांचा कलावती कानात मुरलेल्या माणसाला यात ती आर्तता मिळणार नाही, हे खरेच. तरी खालचे आवर्तन न थकता फिरत असताना वरची सुरावट धैवत-निषादाशी रेंगाळून पंचमावर येते, तेव्हा राग नुसता ओळखू येतो असे नाही, तर तो रंगतोही. ललितातले दोन मध्यम लागोपाठ येताना सिंथेसायझर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. ती मींड नव्हे, पण मींडेची जाण असलेल्या हाताचे ते काम आहे.

माझ्या मते खरी उणीव तालाची आहे, आणि तिच्याकडे दोन्ही बाजूंचे लक्ष गेलेले नाही. डिस्कोच्या ठेक्यात चारही मात्रांवर सारखाच ठोका पडतो, त्यामुळे ठेका आहे पण सम (आवर्तन जिथे येऊन पोहोचते ती पहिली मात्रा) नाही. सुरावट फिरून येते, मात्र कुठे पोहोचल्याचे समाधान देत नाही. नाचणाऱ्याला त्याची गरज नसते. बसून ऐकणाऱ्याला पाच-सहा मिनिटांत चुकल्या-चुकल्यासारखे होते. एका बैठकीत दोन-तीन रागांपलीकडे मला जाववत नाही ते यामुळेच.

सिंग यांचे २०१५ मध्ये मुंबईत निधन झाले. उतारवयात त्यांना युरोपात वाजवण्याची निमंत्रणे आली आणि निम्म्याहून लहान वयाचे श्रोते त्यांच्या भूपालीवर नाचले. आपल्याकडे मात्र या अल्बमचे रागवार परीक्षण मराठीत माझ्या तरी वाचनात आलेले नाही. आपल्या पुरवणीचे संगीतसमीक्षक आणि एखादा डीजे यांनी मिळून ते लिहावे, आणि त्यात तोडी व कलावती यांची तुलना अवश्य असावी, अशी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक, दादर, मुंबई