18 सप्टेंबरच्या पुष्पचक्रासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

यंदा 18 सप्टेंबर ऐन गणेशोत्सवात येतोय. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समधलं आपलं आइंडहोवन जर्मन ताब्यातून मुक्त झालं, त्याला त्या दिवशी 82 वर्षं होतील. स्टाडहाउसप्लाइन चौकात पाउल ग्रेगोआर यांनी घडवलेलं मुक्तिस्मारक आपण सगळ्यांनी पाहिलंय, निदान त्याच्या बाजूने सायकल तरी हाकलीय. यंदा तिथे इथल्या मराठी कुटुंबांतर्फे पुष्पचक्र वाहायचं कार्यकारिणीने ठरवलं आहे.

“त्यांचं युद्ध, आपला काय संबंध?” असं बैठकीत विचारलं गेलं. विचारणं रास्तच आहे. पण आपल्यातले कितीतरी जण फिलिप्समुळे या गावात आले. त्याच फिलिप्सच्या कारखान्यांवर 6 डिसेंबर 1942 रोजी ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले, कारण तिथला माल जर्मन सैन्याला जात होता. आसपासच्या वस्तीतले शंभराहून अधिक नागरिक त्यात मेले, तेही मित्रराष्ट्रांच्या बॉम्बनी. पुढे 18 सप्टेंबर 1944 ला अमेरिकेच्या 101व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक शहरात शिरले आणि लोक रस्त्यांवर नाचले. दुसऱ्याच संध्याकाळी जर्मन विमानं आली. गल्ल्यांत दारूगोळ्याचे ट्रक उभे होते, तेही पेटले. दोनशेहून अधिक माणसं गेली. वर्षभराने लोकांनी खिडक्यांत दिवे लावले, त्यातूनच पुढे लिख्तयेसरूट, म्हणजे शहरातली दिव्यांच्या रोषणाईची वाट, सुरू झाली. ती बघायला आपण मुलांना हौसेने नेतो. गावजेवणाला जायचं, तर गावच्या सुतकालाही जावं, एवढंच आमचं म्हणणं.

गणपतीच्या वर्गणीबरोबर घरटी 10 युरो वेगळे द्यावेत. उरलेले पैसे पुढच्या 4 मेच्या, म्हणजे डच स्मृतिदिनाच्या, फुलांसाठी ठेवू, ढोल-ताशाच्या खर्चात मिसळणार नाही. हिशेब नेहमीप्रमाणे सर्वसाधारण सभेत मांडू. ज्यांना डच सफाईने बोलता येतं अशा दोघा-तिघांची खरी गरज आहे: नगरपालिकेशी आधी बोलून वेळ आणि क्रम ठरवावा लागेल. फितीवर फक्त ‘आइंडहोवनचे मराठी रहिवासी’ एवढंच असेल. मंडळाचं बोधचिन्ह, बॅनर, प्रायोजकांची नावं काही नको. फोटोंसाठी आपली गणपतीची आरास आहेच.

त्या दिवशी शुक्रवार आहे. संध्याकाळची आरती थोडी उशिरा ठेवली आहे, म्हणजे चौकातून परस्पर मंडपात येता येईल. पाऊस गृहीत धरून छत्र्या आणा. वर्गणी खजिनदारांकडे ऑगस्टअखेर पोचती करावी. यायला जमणार असेल, तर घरातून किती जण येणार तेही त्यांनाच कळवावं.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी