सांगली मार्केट यार्डातल्या तिघांचे आभार

मंगळवारी सकाळी हळदीच्या गोदामाबाहेर गव्हाणी घुबडाचं पिल्लू पडलेलं दिसलं. पांढरा कापसाचा गोळा, पत्त्यातल्या बदामासारखा चेहरा, आणि फुत्कार असा की आधी सापच वाटला! कुणी ‘अपशकुन’ म्हणालं. मी शहाणी दूध आणायला निघाले. पाठीवर पोतं घेतलेले हमालमामा ओरडले, “ताई, पाखराला कसलं दूध?” त्यांनीच बारदान घातलेलं खोकं दिलं. रिक्षावाले दादा धंदा सोडून तासभर कावळे हाकलत बसले. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केल्यावर आलेल्या वनरक्षक ताईंनी पंख तपासले, संध्याकाळी शिडी लावून पिल्लू वळचणीला परत ठेवलं. रात्री आई उंदीर घेऊन आली! गडबडीत नावं विचारायची राहिलीच. तिघांचेही मनापासून आभार. मामा, तुमचं बारदान माझ्याकडेच आहे.