कीर्द दाखवा, मग सही मागा

माननीय धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस सादर नमस्कार.

अंबाजोगाई तालुक्यातल्या एका शिक्षण संस्थेचा मी विश्वस्त आहे. नाव कार्यकारिणीच्या यादीत आहे, पण संस्थेची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आजवर माझ्या हाती आलेली नाही.

आमच्याकडे ठराव असे मंजूर होतात. शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या ठरावांची नोंदवही, घेऊन घरी येतो. सहीच्या पानात खूण घातलेली असते. मागचे पान उलटू लागलो की तो बिचारा अवघडतो, "सर, फक्त सही आणायला सांगितलंय." मार्चअखेरचा ताळेबंद मंजूर झाल्याचा ठरावही त्यातच असतो. कीर्द, व्हाउचर आणि बँकेचे पासबुक पाहायला मागितले, तर "ऑडिट झालंय, आता कशाला?" असे उत्तर आले. लेखी अर्ज दिला, त्याची पोच दिली नाही. आसपासच्या संस्थांतल्या सदस्यांशी बोललो, की थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळते.

साहेब, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ३२ नियमित हिशेब ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक विश्वस्तावर टाकते, एकट्या सचिवावर नाही. उद्या गैरव्यवहार निघाला तर जाब मलाही द्यावा लागेल. मग हिशेबाची वही बघायला मी कोणाची परवानगी का मागायची?

ऑडिटचे महत्त्व मी नाकारत नाही. कलम ३४ प्रमाणे लेखापरीक्षकाने अनियमितता कळवायची असते. पण तो समोर ठेवलेले कागद तपासतो. वर्गखोल्यांवर नवे पत्रे टाकल्याचे बिल त्याला बरोबर दिसेल. पत्रे खरोखर टाकले गेले का, हे गावातल्या सदस्यालाच ठाऊक असते. म्हणून ते बिल आधी त्याने पाहायला हवे. मराठवाड्यात अशा कितीतरी शाळा लोकांनी वर्गणी आणि जमिनी देऊन उभ्या केल्या आहेत. त्या पैशाची राखण कोणीतरी जवळून करायलाच हवी.

कागद बाहेर जातील, गटबाजीसाठी वापरले जातील, ही भीती मला समजते. मूळ दप्तर कार्यालयातच राहू द्या. शिक्षकांच्या खाजगी फायलींना वेगळा नियम लावा. पण त्या भीतीपायी जमाखर्च झाकून ठेवणे मला मान्य नाही.

कलम ३७ खाली तपासणीचे अधिकार आपल्या अधिकाऱ्यांना आहेत आणि कलम ४१ अ खाली विश्वस्तांना निर्देश देता येतात. त्या अधिकारात आपण स्पष्ट निर्देश द्यावेत: विश्वस्ताने लेखी मागितल्यावर आठ दिवसांत कीर्द, खतावणी (खातेवार हिशेबाची वही), व्हाउचर, पासबुक आणि प्रोसिडिंग दाखवावे, त्याच्या खर्चाने नकला द्याव्यात, नकार असेल तर कारण लेखी द्यावे. अशा नकारावरची तक्रार जिल्ह्याच्या कार्यालयातच महिन्याभरात निकाली निघावी. तारखांवर तारखा पडत गेल्या, तर निकाल येईपर्यंत पुढच्या वर्षाचा ताळेबंदही मंजूर झालेला असतो.

आपला विश्वासू,
एक विश्वस्त, जि. बीड