आपल्या भुईकोटात अशी लव्हस्टोरी का नको?

संपादक साहेब, नमस्कार.

ऐतिहासिक फॅन्टसी कादंबऱ्या मी वेड्यासारख्या वाचतो, पण त्यात दोन पुरुषांची लव्हस्टोरी हवी असली की इंग्रजीकडंच जावं लागतं. मराठीत राजे, गड, लढाया यांच्यावर कपाटं भरून पुस्तकं आहेत, त्यात असं जोडपं हिरो म्हणून मला तरी भेटलं नाही.

अहो आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला बघा ना! चांदबीबीचं विजापूरच्या अली आदिलशहाशी लग्न झालं तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीनं हा किल्ला आंदण म्हणून दिला, मग १५६५ ला विजयनगरविरुद्धची तालिकोटची लढाई. आता विचार करा, किल्ला सोडून निघालेला अहमदनगरचा एक गोलंदाज आणि ताबा घ्यायला आलेला विजापूरचा शिलेदार, त्यात तलावातली एखादी जादू, काय कादंबरी होईल राव!

काही जण म्हणतात पूर्वी असलं काही नव्हतंच. पण ट्रॉयच्या युद्धकथेतले योद्धे अकिलीस आणि पॅट्रोक्लस यांना प्रेमी म्हणून ग्रीक नाटककार एस्किलसनं अडीच हजार वर्षांपूर्वी स्टेजवर आणलंय. आपल्याकडं सुद्धा ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून अशा नात्यांना मोकळं केलं, मग आता बिचकायचं कशाला?

फक्त लेखकांना हात जोडून विनंती, शेवटी दोघातल्या एकाला मारू नका, ते रडणं लय झालं, दोघं म्हातारे होईपर्यंत एकत्र राहू देत. आणि कादंबरीला वेळ लागणार असेल तर दिवाळी अंकवाल्यांनी निदान एक दीर्घकथा तरी मागवावी.

– एक वाचक, सोलापूर