हप्ता दिसतो, डिडक्टिबल दिसत नाही

मा. संपादक,

अमेरिकेत घराचा विमा महागल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. त्या आल्या की माझ्या बहिणीचा फोन ठरलेला, "तुमचा किती झाला गं?" मी आकडा सांगते, ती "अगं बाई!" म्हणते आणि विषय संपतो. पण हप्ता ही निम्मीच गोष्ट आहे, म्हणून हे पत्र.

आम्ही १९८८ पासून मायामीच्या दक्षिणेला, केंडलमध्ये, एकाच घरात राहतो. ह्यांना कागद टाकवत नाहीत, त्यामुळे सगळ्या पॉलिसी फाइलला आहेत. १९९१ ची काढून बघितली. घराचा विमा १,२०,००० डॉलर, वर्षाचा हप्ता ६०० आणि डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपल्या पदरचा वाटा, ५०० डॉलर. यंदाची बघा: विमा ४,५०,०००, हप्ता ७,२०० आणि चक्रीवादळाचं डिडक्टिबल २ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ते दोन टक्के नुकसानीचे नव्हेत, विम्याच्या रकमेचे, म्हणजे ९,००० डॉलर! हप्ता बारापट झाला, डिडक्टिबल अठरापट. तेवढ्या काळात इथली महागाई अडीच पटसुद्धा झालेली नाही.

हे टक्क्यांचं प्रकरण अँड्र्यू वादळानंतरचं. २४ ऑगस्ट १९९२ ची पहाट. दोन्ही मुलांना घेऊन आम्ही बाथरूममध्ये, डोक्यावर गादी धरून बसलो होतो. उजाडल्यावर बघतो तर स्वयंपाकघरातून आभाळ दिसतंय. कंपनीने ५०० डॉलर कापून बाकी सगळे पैसे दिले. त्या वादळाने ११ विमा कंपन्या बुडाल्या. त्याआधीची बरीच वर्षं इकडे शांततेची गेली होती, घरं मात्र धडाधड उठत होती आणि विम्याचे दर त्या शांत वर्षांच्या हिशेबाने लावलेले. आमचे ते ६०० डॉलर म्हणजे स्वस्ताई नव्हती, चुकलेलं गणित होतं, हे मला आता मान्य आहे. पुढे वादळाच्या नुकसानीचा अंदाज बांधणारी संगणकी गणितं आली, डिडक्टिबल टक्क्यांत गेलं, राज्याने १९९३ मध्ये विमा कंपन्यांना हात द्यायला आपत्ती निधी काढला, २००२ मध्ये 'सिटिझन्स' ही सरकारी विमा कंपनी उभी केली.

टक्क्यांचा अर्थ आम्हाला कळला तो २०१७ च्या इर्मा वादळात. कुंपण आडवं, छपराचा एक कोपरा उखडलेला, खर्च ६,४०० डॉलर. तेव्हा विमा ३,६०,००० चा होता, म्हणजे डिडक्टिबल ७,२००. हाती एक सेंट आला नाही. पुराचं तर बोलायलाच नको, त्याचा विमा वेगळाच घ्यावा लागतो.

बरं, वादळ आपल्याकडेच यायला हवं असंही नाही. विमा कंपन्यासुद्धा स्वतःचा विमा उतरवतात आणि इथल्या बऱ्याच कंपन्यांचे ते करार १ जूनला नव्याने होतात. २०२२ च्या सप्टेंबरात इयान वादळ पश्चिम किनाऱ्यावर गेलं, आमच्या अंगणातली फांदीही मोडली नाही, पण ते करार महागले आणि पुढच्या वर्षी आमचा हप्ता वाढला. त्यात "छप्पर फुकटात बदलून देतो, इथे सही करा" म्हणत दारोदार फिरणारे, त्या सहीने भरपाई मागायचा हक्कच आपल्याकडे घेणारे कंत्राटदार आणि त्यांच्या मागून येऊन विमा कंपनीवर खटला भरणारे वकील. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने ती वाट बंद झाली. चांगलं झालं. आमचा हप्ता तेव्हापासून धावायचा थांबला, आपणहून उतरला मात्र नाही.

एकदाच उतरला, तोही एका खिळ्याने. तपासनीस माळ्यावर चढला, घामाघूम होऊन खाली आला आणि मोबाइलवर फोटो दाखवला. छपराची कैची भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीला दोन खिळे. छप्पर वाऱ्याला टिकेल अशी बांधणी असली की हप्त्यात सवलत मिळते, तिला तीन लागतात. सुतार बोलावून प्रत्येक पट्टीत तिसरा ठोकून घेतला, पुन्हा फोटो, आणि वर्षाला ८०० डॉलर वाचले.

एवढंच सांगायचं होतं की यापुढे बातमी द्याल तेव्हा हप्त्याशेजारी डिडक्टिबलही छापा. ज्यांची मुलं इकडे घरं घेतायत त्यांनीही तेच विचारावं. "हप्ता किती?" याला मुलं हौसेने उत्तर देतात.

आमचा मुलगा म्हणतो, डिडक्टिबल ५ टक्के करून टाका, हप्ता १,१०० ने कमी होईल. पाच टक्के म्हणजे २२,५०० डॉलर. ह्यांचं म्हणणं, सही करून टाकू. कागद आठवडाभर टेबलावर पडलाय, आणि पेन मी उचलून ठेवलंय.

– आपली एक वाचक, केंडल, फ्लोरिडा